एकटा माणूस, त्याचा कुत्रा आणि पाऊस

रणधीरच्या व्हिडिओत सोनाली कुणाला कधी दिसली नाही. दिसले ते तिचे हात, आणि तेही लोकांनी रणधीरचेच समजले.

पाऊस धो धो पडतोय, माळावर तंबू ठोकलेला, तंबूच्या तोंडाशी तीन दगडांची चूल, आणि शेजारी एक पिवळट कुत्रा जिभल्या चाटत बसलाय. परातीत भाकरी थापली जातेय, गोल, पातळ, काठाला कुठं चीर नाही. हा तुकडा इतक्या लोकांनी पाहिला की येडशीकडच्या वाशीच्या बाजारात अनोळखी माणसं रणधीरला थांबवून विचारायला लागली, "दादा, भाकरी कुणी शिकवली?" रणधीर हसून सांगायचा, "एकटं ऱ्हायलं की येतंय सगळं."

रणधीरला भाकरी येत नव्हती. त्याच्या हाताखाली पीठ फाटायचं. म्हणून सोनालीनं बांगड्या उतरवल्या, त्याचा चौकड्याचा शर्ट अंगात घातला, बाह्या दुमडल्या, आणि परात न् हात एवढंच दिसेल असा कॅमेरा लावून भाकरी थापली. सासूनं मोकळे हात बघून तोंड वाकडं केलं तेव्हा रणधीर म्हणाला, "आये, शूटिंगपुरतं हाय." मग शूटिंग रोजचंच झालं आणि बांगड्या कपाटातच राहिल्या.

सोनाली मूळची लोहारा तालुक्यातली. वडील आण्णासाहेब थोडक्या जमिनीवर नीट संसार केलेले, कमी बोलणारे. पोरगी बारावी झाली आणि गावात मेंदी काढणारी म्हणून तिचं नाव झालं. लग्नघरात बायका चारी बाजूंनी बडबडत असायच्या, लेकरं अंगावर पडायची, पण तिच्या हातातला कोन हलायचा नाही. पुढं कॅमेरा हातात आला तेव्हा हाच हात कामी आला. रणधीरचं वाशीच्या स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बोलका माणूस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, बायकोवर आवाज चढवायचा नाही. आण्णासाहेबांनी एवढंच पाहिलं आणि पोरगी दिली.

लग्नाला काही वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नाही. दवाखाने झाले, तुळजापूरला ओटी झाली. मग एका बाजाराच्या दिवशी पावसात हातगाड्याखाली थरथरणारं पिल्लू सोनालीनं पदरात घालून घरी आणलं. एक कान उभा, एक पडलेला. सासरची एक भावकीतली बाई दारात उभी राहून म्हणाली, "लेकरू न्हाय तर कुत्रं." सोनालीनं ऐकून घेतलं आणि पिल्लाला दुधात भाकरी कुस्करली. पोट फुगेपर्यंत खायचं म्हणून त्याचं नाव पडलं गब्बू.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं. दोघं शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. एका पावसाळी दुपारी रणधीर शेडच्या दारात चहा पीत बसला होता, गब्बू त्याच्या पायावर मान टाकून झोपला होता, पुढं पाऊस. सोनालीला ते बरं दिसलं म्हणून तिनं मोबाईलवर घेतलं. काही ठरवलं नव्हतं. रणधीरनं नेटवर एक चॅनेल काढून त्यावर ते टाकलं आणि वर लिहिलं, "एकटा माणूस, त्याचा कुत्रा आणि पाऊस." आठवडाभरात परदेशातली माणसंसुद्धा खाली लिहायला लागली.

"एकटा का लिवलं?" तिनं विचारलं होतं.

"अगं, जोडपं दिसलं की ती सहल वाटती. एकटा माणूस दिसला की बघणाऱ्याला आतून कायतरी व्हतंय. आपल्याला काय, चार दिवस गंमत."

तिलाही ती गंमत वाटली. माणसं फसतात याचं दोघांना हसू यायचं. पुढं जुनी पिकअप घेतली, हौद्यावर ताडपत्री बांधली, तंबू आला, चांगला कॅमेरा आला. पाऊस कुठं आहे बघायचं आणि निघायचं. येडशीच्या डोंगरात, तेरणेच्या काठाला, नळदुर्गकडं. चॅनेलसाठी गब्बूचं नाव बदलून बहाद्दर झालं. गब्बूला ते काही पटलं नाही. रणधीर "बहाद्दर, ये रे" म्हणायचा आणि कुत्रा गवत हुंगत बसायचा. मग कॅमेऱ्यामागून सोनाली हळूच "गब्बू" म्हणायची, आणि तो कान हलवत यायचा. तिचा तो आवाज रणधीर नंतर कापून टाकायचा. पावसाचा आवाजही तंबूत नीट येत नसे. सोनाली तो वेगळा धरायची, उपडं घमेलं ठेवून, त्याखाली मोबाईल सरकवून. भर पावसात शूटिंग असलं की छत्री कॅमेऱ्यावर असायची, तिच्यावर नाही. तिला सर्दी झाली तर चालायची, शिंक तेवढी दाबावी लागे.

हे असं चार वर्षं चाललं. गंमत नेमकी कधी संपली ते तिला सांगता येत नाही. एकदा खाली कुणा बाईनं लिहिलं होतं, "दादा, तुमच्यासारख्या माणसाला साथ कशी मिळाली नाही?" त्याला रणधीरनं उत्तर दिलं होतं, "नशीब ताई." सोनालीनं ते वाचलं, आणि त्या दिवशी ती नवऱ्याशी काही बोलली नाही. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

गेल्या वर्षी भाद्रपदात पावसानं जिल्ह्याला धुऊन काढलं. ज्या मुलखात पाण्याचे टँकर फिरतात तिथं ओढ्यांनी पूल ओलांडले. रणधीर टीव्हीवरच्या बातम्या बघत उठला आणि पिकअपमध्ये सामान टाकायला लागला. "असा पाऊस परत न्हाय गावायचा," तो म्हणाला. येडशीपासून धरून तुळजापूर, नळदुर्ग, लोहाऱ्यापर्यंत जायचं, जमेल तिथं मुक्काम करायचा, आणि त्याची मालिका टाकायची असं त्यानं ठरवलं.

येडशीच्या पुढं रस्त्याच्या कडेला त्यांनी तंबू लावला. खालच्या बाजूला सोयाबीनचं रान होतं, म्हणजे असलं पाहिजे, कारण दिसत होतं ते नुसतं गढूळ पाणी. रणधीर तंबूत बसून वाफाळती खिचडी फुंकत होता, सोनाली पाण्यात उभी राहून घेत होती. तेवढ्यात डोक्यावर पोतं पांघरलेला एक शेतकरी बांधावरून आला. बराच वेळ बघत राहिला.

"काय करायलाव?" त्यानं विचारलं.

"पावसाचं शूटिंग, मामा," रणधीर म्हणाला.

"मग हिकडं करा की. सोयाबीन कुजलंय समदं."

रणधीर नुसता हसला. त्या माणसानं सोनालीकडं बघितलं. तिनं कॅमेरा खाली केला. तो गेला. रणधीर म्हणाला, "मधी बोलला त्यो, आता खिचडी परत गरम करावी लागंल." तिनं ती गरम केली.

तुळजापुरात जेवायला थांबले तेव्हा तिला देवीला जाऊन यावंसं वाटलं. रणधीर म्हणाला, गर्दी असंल, उजेड जाईल. दोघं तसेच निघाले.

रोज कुठंतरी पाण्यातून चालत जायचा शॉट असायचा. पुढं रणधीर, पाठीवर पिशवी, मागं कुत्रा. गब्बूला वाहत्या पाण्याचं भेव होतं. ढग गडगडला तरी तो पिकअपखाली शिरायचा. सोनाली पलीकडच्या काठाला उभी राहून त्याला बोलवायची, आणि तिच्याकडं यायचं म्हणून तो त्या घाण पाण्यात उतरायचा, नाकातोंडात पाणी जात असताना पोहत यायचा. रणधीरला दोनदोनदा घ्यायची सवय. एकदा गब्बू तिच्यापाशी पोचला, अंग झाडलं, आणि रणधीरनं त्याला उचलून परत पहिल्या काठाला नेऊन ठेवलं. त्यानं रणधीरकडं नाही बघितलं, तिच्याकडं बघितलं. आणि तिनं पुन्हा हाक मारली.

नळदुर्ग मागं टाकून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागले तेव्हा पुढच्या ओढ्यावर पाणी चढलेलं. गाडी पुढं जाईना. रस्त्यालगतच्या एका शेतात पत्र्याचं शेड होतं, दारात म्हैस बांधलेली. तिथल्या म्हातारीनं हात करून बोलावलं. रुद्रम्मा तिचं नाव. लेक-सून गावातल्या घरात, ही जनावरांपाशी शेतात. बोलणं अर्धं मराठी अर्धं कानडी. तिनं दोघांना चुलीपाशी बसवलं, गब्बूला पोतं टाकून दिलं.

रणधीरनं डोळ्यानंच खूण केली. सोनालीनं कॅमेरा चालू केला. रस्त्यात भेटलेली मायाळू माणसं, हा त्याच्या व्हिडिओतला ठरलेला भाग असायचा. रुद्रम्मा चहात साखर टाकत बोलत होती, जावयाचं, म्हशीचं. बोलता बोलता तिनं सोनालीकडं मान वळवली.

"आन ही पोरगी कोन म्हनायची? घरची हाय काय?"

रणधीरची नजर भिंगाकडं गेली. क्षणभरच.

"ही व्हय? ही शूटिंगला असती," तो म्हणाला.

सोनालीचा रेनकोट गळ्यापर्यंत बंद होता, मंगळसूत्र आत. हातात बांगडी नाही. रुद्रम्मानं मान डोलावली आणि तिला कप पुढं केला. "पगार बरा देतो का, यव्वा?"

"देतात," सोनाली म्हणाली.

हा भाग पुढं व्हिडिओतून कापणारच होता, हे तिलाही ठाऊक होतं, त्यालाही. कापायचंच होतं तर खरं सांगूनसुद्धा कापता आलं असतं. एवढीच गोष्ट तिच्या मनात रुतली. त्याला खोटं बोलायची गरज नव्हती, आणि तरी त्याच्या तोंडातून तेच आलं, इतकं सहज, की जणू तेच खरं होतं. म्हातारीनं परक्या पोरीची सोय म्हणून तिला आपल्याजवळ, चुलीपलीकडं अंथरूण टाकून दिलं. रणधीर तंबूत गेला. तो नंतर काही बोलेल असं तिला वाटत होतं. तो बोलला, सकाळी. म्हणाला, "उजेड चांगला हाय, लवकर आवर."

त्या सकाळी गब्बू उठला नाही. आदल्या दिवशीच त्यानं भाकरी हुंगून सोडली होती, पण तिनं दमला असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याच्या तोंडातून पिवळं पाणी गळत होतं. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालेलं. अंग थरथरत होतं आणि पोटाला हात लावू देत नव्हता.

"ह्याला दवाखान्यात न्यायला पायजे," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

रणधीर वाकून बघत राहिला. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. त्यानं गब्बूच्या कपाळावरून हात फिरवला, दोनतीनदा. मग त्याच हातानं कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन उघडली.

"जाऊ की. पर थोडं घिऊ या. आजारी कुत्र्याची शेवा. लोकांनी समदं बघितलंय त्येचं, हे बी बघू दे."

"आवं, त्येचा जीव चाललाय."

"लगीच निघू गं. ओढा तरी उतरू दे."

ओढा तेव्हा उतरायला लागला होता. दोघांनाही दिसत होतं. पण चार वर्षांची सवय होती. त्यानं कॅमेरा पुढं केला आणि तिनं तो घेतला. हे ती स्वतःला अजून माफ करत नाही. लोक विचारतात तेव्हा ती रणधीरचं सांगते, पण एकटी असली की तिला आपले हात आठवतात. कॅमेरा धरलेले, न हललेले.

रणधीरनं गब्बूचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्यानं पाणी पाजलं, अंगावर स्वतःचा शर्ट घातला. बाहेर पाऊस, आत चुलीचा उजेड, सगळं छान दिसत होतं. सोनालीला रडू फुटलं.

"रडू नको," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "माईकमदी येतंय."

तिनं ओठ दाताखाली दाबून धरले. रुद्रम्मा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती. तिला काय कळलं आणि काय नाही, कुणास ठाऊक. ती तोंडात काहीतरी कानडी पुटपुटली आणि म्हशीकडं उठून गेली.

थोड्या वेळानं रणधीरनं मान वर केली. "परत घ्यावं लागंल."

"का?"

"त्येची नजर सारखी तुझ्याकडं जातीय. माझ्याकडं बघतोय असं दिसायला पायजे. तू जरा माझ्या पाठीमागं यून त्येला हाक मार."

गब्बू खरंच तिच्याकडं बघत होता. मान उचलायची ताकद नव्हती, पण पिवळे डोळे कॅमेऱ्याच्या वर, तिच्या तोंडावर होते. सोनालीनं कॅमेरा खाली ठेवला. आपटला नाही, फेकला नाही, नुसता शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवला. पत्र्यातून तिथं पाणी ठिबकत होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. तिनं रेनकोट काढला, गब्बूला त्यात गुंडाळलं आणि लेकरासारखं खांद्याशी धरून बाहेर पडली.

"कुठं चाललीस? सोनाली, अगं कॅमेरा भिजतोय."

तो कॅमेरा उचलायला थांबला. ती ओढ्यात उतरली. रुद्रम्मा डोक्यावर पोतं घेऊन तिच्यामागं आली, पलीकडं जाईपर्यंत तिच्या दंडाला धरून राहिली. पाणी मांडीपर्यंत होतं. पलीकडं रस्त्यावर सीट भरून नेणारी एक वडाप जीप थांबली, पण कुत्रं बघून ड्रायव्हरनं हात हलवला आणि निघून गेला. मग दुधाच्या कॅनचा टेम्पो आला. टेम्पोवाल्यानं काही न विचारता दार उघडलं. सोनालीच्या उघड्या गळ्यातलं मंगळसूत्र रुद्रम्मानं तेव्हा बघितलं. ती तिच्या तोंडाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "बस की गं, बस. जा लवकर."

लोहाऱ्यात जनावरांच्या डॉक्टरनं गब्बूला टेबलावर घेतलं, डोळे, हिरड्या पाहिल्या. पुराचं घाण पाणी पोटात गेलंय, कावीळ चढलीय, लिव्हर गेल्यात जमा आहे, असं म्हणाला. सलाईन लावली. "किती दिवस पाण्यात होता हा?"

"पाऊस लागल्यापासनं," ती म्हणाली.

डॉक्टर सुई नीट करायला वाकला.

गब्बूनं ती संध्याकाळ काढली. आण्णासाहेबांच्या घरी पडवीत, द्वारकाबाईंनी, तिच्या आईनं, टाकलेल्या जुन्या लुगड्यावर तो पडून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाची तिरीप पडली, बऱ्याच दिवसांनी, आणि तेवढ्यात तो गेला. आण्णासाहेबांनी स्वतः फावडं घेतलं. बांधाकडेच्या लिंबाखाली खड्डा घेऊन बापलेकीनं त्याला पुरलं. वर काही खूण केली नाही. आण्णासाहेब एवढंच म्हणाले, "गुणाचं होतं."

रणधीर त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी आला. आधी त्याचे फोन येऊन गेले होते. पहिल्या फोनवर तो कॅमेऱ्याबद्दलच बोलला होता. आता पडवीत येऊन बसला, डोळे लाल होते. गब्बू गेला म्हटल्यावर तो खरोखर रडला. सोनालीलाही क्षणभर वाटलं, आपण ह्याच्याविषयी फार वाईट विचार केला. मग त्यानं रुमालानं तोंड पुसलं.

"कुठं पुरलं?"

"का?"

"शेवटचं लोकांना दाखवावं लागंल. लोक विचारत्याल."

आण्णासाहेब चप्पल घालून उठायला लागले, जावयाला जागा दाखवायला. सोनाली म्हणाली, "आण्णा, सांगू नका." वडिलांना तिनं आयुष्यात असं कधी सांगितलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले. रणधीर सासऱ्याकडं बघत राहिला, मग सोनालीकडं. "अगं, माझा बी होता त्यो," तो म्हणाला. चहा न पिता तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ आला. एका तलावाच्या काठाला उंचवटा, त्यावर रचलेले दगड, एका दगडावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं "बहाद्दर". शेजारी रणधीर गुडघ्यात मान घालून बसलेला. कॅमेरा स्टँडवर असावा, कारण काहीच हलत नव्हतं. वर पाऊस. तो आवाज मात्र जुना होता, सोनालीनं घमेल्याखाली धरलेला. तिनं पहिल्या थेंबालाच ओळखला. खाली फक्त दगड होते आणि माती. तो व्हिडिओ आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. द्वारकाबाईंनी शेजारणीच्या मोबाईलवर बघितला आणि पदर डोळ्याला लावला.

"कसा एकटाच बसलाय गं बिचारा," त्या म्हणाल्या.

"आये, गब्बू आपल्या लिंबाखाली हाय. तूच लुगडं दिलंस की."

"ते खरं हाय. पर बघवंना."

सोनाली आईजवळून उठून गेली. गब्बूला स्वतःच्या हातानं पाणी पाजलेली आई त्या रिकाम्या दगडांसाठी रडत होती. पुढं लांबलांबची पोरं मोटारसायकली घेऊन त्या तळ्यावर जायला लागली. कुणी हार घातला, कुणी बिस्किटाचे पुडे ठेवले. सगळ्यांचे फोटो चॅनेलवर आले.

ती सासरी गेली नाही म्हटल्यावर माणसं समजूत घालायला लागली. भाऊबंद आले, वाशीहून सासू आली. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. नवरा दारू पीत नाही, मारत नाही, बाहेरचा नाद नाही. कुत्र्यापायी कुणी संसार मोडतं का? सोनाली सांगायचा प्रयत्न करायची. हातांचं सांगायची, म्हातारीच्या शेडमधलं सांगायची. ऐकणारा म्हणायचा, "मग त्यात काय झालं? धंद्यात असं करावं लागतंय." आणि सांगून झालं की तिलाच ते फार बारीक वाटायचं, कुणाला दाखवता न येण्याइतकं. हात उगारला असता तर वळ दाखवता आला असता.

आण्णासाहेब काही बोलत नव्हते. एकदा जेवताना म्हणाले, "आमी काय कायम न्हाय ऱ्हानार, सोने." त्यानंतर ताटावर त्यांचं बोलणं आणखी कमी झालं.

रणधीर संक्रांतीच्या सुमाराला आला. बरोबर पिल्लू होतं. पिवळट, आणि तसाच एक कान पडलेला. शोधून शोधून आणलं असणार. त्याचंही नाव बहाद्दरच ठेवलं होतं. तो पडवीत बसला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "स्टँडवर न्हाय जमत गं. फिरताना समदं हलतंय. लोक म्हनाय लागलेत, पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाय."

"व्हय," ती म्हणाली.

"तू चल. झालं गेलं सोड."

पिल्लू तिच्या पायाशी येऊन चप्पल चावत होतं. तिनं त्याला हात लावला नाही.

"एक व्हिडिओ टाका," ती म्हणाली. "एकच. त्यात सांगा, कॅमेऱ्यामागं माझी बायको असती. भाकरी ती करती. कुत्रं तिचं होतं. मग म्या येते."

रणधीर हसला नाही, चिडला नाही. त्यानं खरंच विचार केला, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं. दारामागं द्वारकाबाई श्वास धरून उभ्या होत्या.

"लोक सोडून जात्याल गं," तो शेवटी म्हणाला. आवाजात आर्जव होतं. "त्यांना म्या एकटाच पायजे."

"मग ऱ्हावा एकटं," सोनाली म्हणाली.

तो उठला. पिल्लाला काखेत घेतलं. जाताना सासऱ्याच्या पाया पडला, ती त्याची रीत कधी चुकली नव्हती. तो गेल्यावर द्वारकाबाईंनी आदळआपट करत भांडी घासली आणि आण्णासाहेब न जेवता रानात गेले.

आता सोनाली लोहाऱ्यात लग्नांचं शूटिंग करते. एका स्टुडिओवाल्यानं तिला कॅमेरा दिलाय. बायकांच्या घोळक्यात, हळदीला, नवरीच्या खोलीत बाईमाणूस बरं पडतं, म्हणून तिला काम मिळतं. हात अजून तसाच आहे. हंगाम नसला की ती शेतात जाते, आईला भाकरी करू लागते. वडील अजून पोटभर बोलत नाहीत. कागदोपत्री काही झालेलं नाही. रेशनकार्डावर ती वाशीलाच आहे. रणधीरचा फोन आधी यायचा, आता येत नाही. चॅनेल चालू आहे, नव्या कुत्र्याला नाव लागू पडलंय म्हणतात, हाक मारली की येतो.

लग्नघरात बायका चौकशी करतातच. कुठली तू, कुणाची, लेकरं किती. नवरा काय करतो म्हणून विचारलं की सोनाली डोळा कॅमेऱ्याला लावते आणि सांगते, "फिरतो."